दूध आणायला पायी

अमेरिकेतल्या शुगर लँडमध्ये कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी संग्राम गाडी काढायचा. त्यामुळे सुट्टीत इटलीतल्या प्रोचिदा बेटावर उतरल्या उतरल्या त्याच्या बायकोने, शैलजाने जाहीर केलं, "आज टॅक्सी नाही. अख्खं बेट पायी बघायचं," तेव्हा त्याचं तोंड उतरलं.

पण लिंबांच्या बागांमधली चढण लागली, आणि साताऱ्याच्या डोंगरांत वाढलेल्या त्याच्या पायांना जुनी सवय आठवली. तो भराभरा निघाला. मागून अकरा वर्षांची रुही धापा टाकत ओरडली, "बाबा, वेट! तुला चालता येतं?"

त्याला हसू आलं, आणि जरा लागलंही. माथ्यावरून गुलाबी-पिवळी घरं, होड्या, निळंशार पाणी, सगळं दिसत होतं. रुही मात्र बापाकडेच बघत होती.

घरी परतल्यावर पहिल्याच रविवारी दूध संपलं. संग्रामने किल्ली उचलली, तर दारात रुही बूट घालून उभी. "कारची की ठेव, बाबा."

ऑगस्टचं मरणाचं ऊन. फुटपाथ अर्ध्यातच संपला, तशी दोघं गवतातून चालू लागली. तेवढ्यात शेजारच्या टिकेकर काकूंनी गाडी थांबवून काच खाली केली.

"अगंबाई, गाडी बंद पडली का? बसा, सोडते ना!"

एसीचा गारवा तोंडावर आला. संग्रामने दाराकडे हात नेलाही होता.

"नो थँक्स, काकू," रुहीने त्याचा तोच हात धरला. "आमचं बेट अजून बघून नाही झालं."