जोडाक्षरांसाठी एक मत

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. २००४ साली गुलबर्ग्याच्या एका दुकानात मल्लिकार्जुन नावाच्या कारागिराने माझे सुटे भाग जोडले. मग गोधडीत गुंडाळून, तुरीच्या पोत्यांमध्ये बसवून जीपने मला कमलनगरला आणले. तिथे मंजुश्रीताईंचा संगणकाचा वर्ग होता. कितीतरी मुले माझ्या कळांवर पहिले अक्षर लिहायला शिकली.

वर्ग सुटला की ताई एक वेगळेच काम करत. जगभरच्या स्वयंसेवकांच्या एका समूहाने लेखनाची प्रणाली बनवली होती आणि ती कुणालाही फुकट मिळे. ताई ती मराठीत आणत आणि गुलबर्ग्याचा महांतेश कानडीत.

२००९ साली त्या प्रणालीची नवी आवृत्ती आली आणि माझ्या पडद्यावर जोडाक्षरे तुटू लागली. ताईंनी स्वतःचे नाव लिहिले, तर 'श्री'चा 'श' एकीकडे आणि 'र' दुसरीकडे. मला तर शरमल्यासारखे झाले. ताईंनी चार वेळा तक्रार पाठवली, पण उत्तर आले नाही. समूहाचा कारभार नऊ जणांचे मंडळ पाही. दरवर्षी त्याची निवडणूक होई, तरी निवडून येणारे नऊही जण युरोप-अमेरिकेतले असत. जोडाक्षर म्हणजे काय, हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते.

ताईंच्या आई शकुबाई चहा घेऊन आल्या. सगळे ऐकून म्हणाल्या, "ग्रामपंचायतीत हर वार्डातून मेंबर येतो. तुमच्यात कामून न्हाई?"

ताईंनी कप बाजूला ठेवला आणि लिहायला बसल्या. माझा पंखा भराभरा फिरू लागला! मंडळात प्रत्येक खंडाला निदान एक जागा असावी, असा तो प्रस्ताव होता. एका ज्येष्ठ सभासदाने उत्तर दिले, 'काम पाहून निवडावे, गाव पाहून नव्हे.' ताईंनी लगेच लिहिले, 'आमचे काम तुम्हाला वाचताच येत नाही, मग पाहणार कसे?'

दुसऱ्या दिवशी महांतेशचा फोन आला. "अक्का, खरं बोललीस. पण आपल्या लोकांची नावं यादीतच न्हाईत. मत देणार कोण?"

खरेच होते ते. काम करणारे पुष्कळ होते, पण सभासद म्हणून नाव कुणी नोंदवलेच नव्हते आणि प्रस्तावावरच्या मतदानासाठी नाव नोंदवायची मुदत नऊ दिवसांची होती. मग काय धावपळ! महांतेशने गुलबर्गा शहर पालथे घातले. ताईंनी बीदर-उदगीरला फोन लावले. ज्यांच्याकडे संगणक नव्हता, ते माझ्यासमोर येऊन बसले. जनवाड्याहून जगदेवप्पा गुरुजी आले. शेतीच्या शब्दांची मोठी यादी त्यांनीच दिली होती.

"माझं एक मत काय करायलंय?" ते म्हणाले.

"गुरुजी, आठशे शब्द दिलात. आता एक मत बी द्या," ताई म्हणाल्या.

मतदानाच्या दिवशी भर दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरवर मी जीव मुठीत धरून चाललो. निकाल आला, तेव्हा प्रस्ताव तीन मतांनी मंजूर झाला होता. मित्रांनो, फक्त तीन! गुरुजींनी आपल्या एका मताबद्दल पुन्हा कधी विचारले नाही.

मग नव्या नियमाने निवडणूक झाली. आशियाच्या जागेसाठी ताई उभ्या राहिल्या आणि अकरा मतांनी पडल्या. नेपाळचे एक शिक्षक निवडून आले.

"हारलीस व्हय?" शकुबाईंनी विचारले.

"व्हय," ताई म्हणाल्या. मला माझा पडदा उजळ ठेवणेही जड झाले.

तेवढ्यात त्या शिक्षकांचे पत्र आले. 'आमची नेपाळीही याच लिपीत लिहितात. आमचीही जोडाक्षरे तुटतात. पहिल्याच बैठकीत हा विषय मांडतो. काय काय तुटते, त्याची यादी द्याल का?'

ताई हरल्याचे विसरल्याच! आम्ही त्रेचाळीस जोडाक्षरांची यादी पाठवली. दोन महिन्यांनी सुधारलेली प्रणाली आली. ताईंनी हळूच एकेक कळ दाबली आणि 'मंजुश्री' हे नाव माझ्या पडद्यावर धडधाकट उभे राहिले.

"आई, ये, बघ!" ताईंनी हाक मारली.

आता नवे संगणक आले आहेत आणि मी वर्गाच्या कोपऱ्यात असतो. मित्रांनो, माझ्यावरची धूळ अधूनमधून पुसलीत तर मला बरे वाटेल. मात्र एक काम आजच करा. तुम्ही जिथे राबता, तिथल्या यादीत आपले नाव आहे का ते पाहा. नसेल तर लिहा, आणि शेजाऱ्यालाही लिहायला लावा.