नळाच्या दिवशी बंद पडणारा मी

मी रघुवीरचा कंप्युटर बोलतोय. हो, तोच, चालता चालता फटकन बंद पडणारा! गल्लीभर माझी बदनामी झाली. पण माझ्या त्या बंद पडण्यात इंदुमतीबाईंच्या जिवाचा प्रश्न होता, आणि घरात कोणालाच ते कळलं नाही. मला तरी कुठे कळलं होतं!

माझी जुळणी कंप्युटर दुरुस्त करणाऱ्या शामने केली, सांवेर रोडवरच्या एका शेडमध्ये. रघुवीर घरी बसून कारखान्यांची ड्रॉइंग काढायचा, त्याच्यासाठी मी आलो. इंदुमतीबाई त्याची आई. मी आलो त्या दिवशी त्यांनी मला हळदकुंकू लावलं आणि रघुवीरला बजावलं, "जपून वापर हो, पोटापाण्याचं साधन आहे."

नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, सकाळी यायचं. बाई अंघोळ करून ओलेत्यानेच मागच्या अंगणात जायच्या, पाण्याची मोटर लावायच्या, आधी देवाचं पाणी भरायच्या. त्या सोवळ्यात असताना तिकडे कोणी फिरकायचं नाही. चुकून कोणी गेलंच तर, "शिवू नकोस रे!" अशी हाक थेट दिवाणखान्यात ऐकू यायची.

आणि नेमका तेव्हाच माझा जीव जायचा. अर्धं ड्रॉइंग गडप!

"अरे यार, फिर से गेला!" रघुवीर कपाळावर हात मारून घ्यायचा.

शाम यायचा दुपारी. तेव्हा नळ गेलेला, मोटर गप्प, आणि मी शहाण्या मुलासारखा चालू.

"भिया, हा तर एकदम बराबर चालतोय. तुम्हीच कुछ दाबत असाल," शाम म्हणायचा. तरी त्याने माझं पोट उघडलं. आतला पॉवर सप्लाय बदलला, धूळ झटकली, पंखा पुसला. पुढच्या नळाला मी पुन्हा आडवा! मला स्वतःचीच चीड यायला लागली. वाटलं, आपल्यातच खोट आहे.

शेवटी शामने यूपीएस आणून बसवला. आता वीज दचकली की बॅटरी मला सांभाळायची. मी एकदाही पडलो नाही. काय ऐट माझी! फक्त नळाच्या दिवशी तो यूपीएस कुंई कुंई करून डोकं उठवायचा.

"याचं तोंड बंद कर यार," रघुवीर म्हणाला. शामने आतली शिट्टीच काढून टाकली. घरात शांतता झाली आणि सगळे खूश झाले.

मग एका सकाळी मागे कळशी धाडकन पडली. रघुवीर धावला. बाईंचा हात मोटरीला चिकटलेला, डोळे पांढरे! त्याने हात पुढे केला आणि थबकला. लहानपणापासूनचं ते "शिवू नकोस" त्याच्या अंगात मुरलेलं होतं. देवा रे, तेवढ्याने तो वाचला! तसाच उलटा धावत आला आणि माझ्या डोक्यावरच्या भिंतीतला घराचा मेन स्विच खाली ओढला.

घर गपगार झालं. पंखा थांबला, दिवा गेला. मी एकटाच बॅटरीवर झगमगत होतो. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

बाई वाचल्या. हाताची दोन बोटं मात्र वाकडी झाली. मोटरीची वायर आतून सडली होती, करंट मोटरीच्या पत्र्यात दिवसेंदिवस जास्त उतरत होता. मोटर लावली की घरातली वीज खचायची, आणि मी पडायचो. शाम डोकं धरून माझ्यासमोर बसला. "बाप रे, भिया! हा तर आपल्याला सांगत होता, आणि आपण याला गप्प केलं."

आता मोटर नवी आहे, रघुवीरकडे लॅपटॉप आहे. परवा त्याने मला भंगारात द्यायचं काढलं. इंदुमतीबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या. "खबरदार! तो इथेच राहील. आणि तो यूपीएस तेवढा काढ."

तेव्हा बाबांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी सारखा पडत असेल तर त्याच्यावर खेकसू नका. आधी घरभर एक चक्कर मारा.

आता नळाच्या दिवशी बाई मला चालू करतात, मग मागे जाऊन मोटरीचं बटण काठीने दाबतात. मोटरीला हात न लावता तिथूनच ओरडतात, "रघू, तो चालू आहे ना रे?"

"चालू आहे, आई!"

मगच त्या कळशी उचलतात.