रुमालानेही तीच चूक केली

रुमालबाबांची बैठक गुरुवारी सकाळी साडेदहाला सुरू होई, आणि दहालाच गोदामात पाय ठेवायला जागा नसे. गोदाम पूर्वी विजेच्या पंख्यांचं होतं. आता तिथे पंखा एकही नव्हता. त्यामुळे बाबांसमोर आलेल्याला दरदरून घाम फुटे आणि लोक म्हणत, तेजच तसं आहे.

पुढच्या बाकांवर सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायका, त्यांच्या मागे सासवा आणि आया, आणि भिंतीला टेकून नवरे. 'पिशवी धर आणि गप्प उभा राहा' एवढंच सांगितलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो, तो तिथे डझनाने पाहायला मिळे.

टेबलावर काचेचं मोठं भांडं, त्यात पाणी. शेजारी बाबांचा मेहुणा, त्याच्या मांडीवर वेताची टोपली, टोपलीत पांढरे रुमाल. बाई पुढे येऊन नाव सांगे. मेहुणा टोपलीतून एक रुमाल काढी, तिच्या पोटाला टेकवी आणि बाबांकडे देई. बाबा तो पाण्यात बुडवत. पांढराच राहिला तर बाळंतपण सुखरूप. गुलाबी झाला तर वाटेत काटा.

"मी अडाणी माणूस," बाबा सांगत. "मला यातलं काही कळत नाही. जे कळतं ते रुमालाला." पहिल्या दोन वाक्यांत बाबा चक्क खरं बोलत.

पण खरी कमाल पुढेच होती. गुलाबी रुमालाच्या बाईला बाबा अंगारा देत नसत की ताईत बांधत नसत. "आजच हॉस्पिटल गाठ," म्हणत. ती धावत जाई, आणि तिथे तिचा रक्तदाब खरोखरच वाढलेला निघे. दर वेळी. मग कॉलेजात शिकवणारे लोकही मान डोलावू लागले. डॉक्टरांशी वैर न धरणारा आणि डॉक्टरांच्या आधी निदान करणारा बाबा कुणी पाहिला होता?

त्या गुरुवारी पावणेअकराला गोदामाच्या दारात एक चाळिशीची बाई धापा टाकत येऊन उभी राहिली. गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. तिला सगळे आकडेसिस्टर म्हणत. गरोदरपणात वाढणाऱ्या रक्तदाबावर हॉस्पिटलात दोन वर्षं संशोधन चाललं होतं. तीनशे बायका, दर पंधरा दिवसांनी तपासणी. बाईला पाच मिनिटं शांत बसवायचं, दाब दोनदा मोजायचा, आकडा वहीत लिहायचा. लिहिलेला आकडा कधीही खोडायचा नाही. चुकला तर त्यावर एकच रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, वेळ. हे सगळं तिला मोठ्या सिस्टरनी शिकवलं होतं. मोठ्या सिस्टर म्हणजे प्रसूतिकक्षाच्या मुख्य परिचारिका. अठरा वर्षांपूर्वी इंजेक्शन देताना थरथरणारा तिचा हात त्यांनीच धरला होता.

आकडेसिस्टर गोदामात आली होती ती आपल्या धाकट्या बहिणीला शोधत. धाकटीला आठवा महिना होता आणि तीही त्या तीनशेंतली एक होती. नात्यातल्या बाईचा दाब आपण मोजायचा नाही असा नियम, म्हणून बुधवारी तो दुसऱ्या सिस्टरने मोजला आणि चिठ्ठ्या हिच्याकडे दिल्या. दिवस संपताना हिने त्या वहीत उतरवल्या. धाकटीचा नंबर एकशे सत्तेचाळीस. एका शिंपीणबाईचा एकशे चौऱ्याहत्तर. थकलेल्या डोळ्यांनी एकीचा दाब दुसरीच्या नावावर चढवला. मग नेहमीप्रमाणे धोक्यातल्या बायकांना कळवण्यासाठी त्यांची एक यादी केली, मोठ्या सिस्टरच्या हातात दिली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठ्या आणि वही पुन्हा ताडून पाहायची, हाही नियमच. साडेनऊला चूक सापडली. शिंपीणबाई ठणठणीत होती. दाब दीडशे-शंभर होता धाकटीचा. हिने एक रेघ मारली, सही केली, वेळ लिहिली आणि फोन लावला. धाकटीचा फोन बंद. सासूबाईंचा लागला. "अहो, आम्ही बाबांकडे रांगेत आहोत, मग बोलू," म्हणून त्यांनी तो ठेवला.

आता ती गर्दीत कोपराने वाट काढत होती तेव्हा टेबलासमोर शिंपीणबाईच उभी होती. रुमाल पाण्यात गेला आणि गुलाबी झाला.

"काटा आहे, मुली."

"मला?" शिंपीणबाई म्हणाली. "काल तर हॉस्पिटलात सगळं छान म्हणाले."

"हॉस्पिटलाला वरचं दिसतं. रुमालाला आतलं."

लोकांनी माना डोलावल्या. पुढचं नाव धाकटीचं. रुमाल पोटाला टेकला, पाण्यात गेला आणि जाहिरातीतल्यासारखा पांढराशुभ्र बाहेर आला.

"मोकळी वाट. घरी जा, पाय पसरून झोप. कशाला दर पंधरा दिवसांनी दंड आवळून घेतेस?"

आकडेसिस्टर जागच्या जागी थांबली. अंगावर काटा आला, पण तो श्रद्धेचा नव्हता. रुमाल चुकला होता, आणि चुकला होता तो नेमका तिच्यासारखाच. याच दोन बायका, हीच अदलाबदल. साऱ्या जगात ही चूक दोनच ठिकाणी होती: तिच्या वहीत, आणि काल मोठ्या सिस्टरच्या हातात दिलेल्या कागदावर. वहीतली सकाळी दुरुस्त झाली. कागदावरची तशीच होती.

तो विचार तिने बाजूला सारला. आधी धाकटी.

"ऊठ. हॉस्पिटलात चल. तुझा दाब काल दीडशे-शंभर होता."

"अगं ताई, पण पांढरा आला ना."

"डोकं दुखतंय का?"

"थोडंसं. ऊन लागलं असेल."

"डोळ्यांपुढे काही येतं?"

धाकटीने डोळे चोळले. सासूबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही आकडेवाल्या, सिस्टर. तुम्हाला रोज कुणीतरी आजारी लागतंच. आमच्या सुनेला कशाला घाबरवता?"

बाबा हसले. "सिस्टरबाई, तुमच्या यंत्राला बॅटरी लागते. रुमालाला लागत नाही." गोदाम खळखळून हसलं. नवरेही हसले. हसायला परवानगी लागत नाही हे त्यांना आत्ताच कळलं होतं.

या हशात एक बाई सामील नव्हती. शिंपीणबाई बाजूला उभी राहून आपला गुलाबी रुमाल दोन बोटांत चोळत होती.

"बाबा, हे रुमाल कोण शिवतं?"

"अं?"

"नाही, कापड एकच, टीप एकच. पण माझा कोरडा असताना कडक होता. पोटाला टेकवला तेव्हा हाताला लागला. खळ घालून वाळवल्यासारखा. हिचा मऊ होता, मेहुण्याच्या हातात लोंबत होता. वीस वर्षं कापड हाताळते मी, डोळे मिटूनही सांगेन."

"रुमालाला हात लावू नकोस, शक्ती जाते."

"मग तुमचा मेहुणा कधीचा काय लावतोय?"

तिने सरळ टोपलीत हात घातला. मेहुण्याने टोपली ओढली, पण आठ महिन्यांच्या पोटाच्या बाईशी झोंबाझोंबी करायची हिंमत भरल्या गोदामात कुणाला होणार? "मधे पुठ्ठा आहे," ती म्हणाली. "इकडे मऊ, तिकडे कडक." दोन्हीकडचा एकेक रुमाल तिने काढला. तिचा नवरा भिंतीशी उभा होता. गोलमटोल गृहस्थ, दोन्ही हातांत पिशव्या. "इकडे या," ती म्हणाली. तो आला. तिने कडक रुमाल त्याच्या पोटाला टेकवला आणि पाण्यात बुडवला.

गुलाबी.

"अभिनंदन," मागून कुणीतरी म्हणालं.

मऊ रुमाल बुडवला. पांढराच. तिने बोटं एकमेकांवर घासली. "आणि हे पाणी बुळबुळीत लागतंय. धुण्याचा सोडा आहे यात."

उरलेलं कोडं नंतर हॉस्पिटलच्या औषध दुकानवाल्याने एका वाक्यात सोडवलं. जुन्या जुलाबाच्या गोळ्यांत एक पांढरी पूड असायची. ती स्पिरिटमध्ये विरघळवून कापड भिजवून वाळवलं की डोळ्यांना काही दिसत नाही, पण सोड्याच्या पाण्यात पडलं की गुलाबी होतं. म्हणजे शहरातल्या गर्भवतींचं भविष्य इतके दिवस जुलाबाचं औषध सांगत होतं.

गोदामात एकच गलका उडाला. बाबा "परीक्षा पाहू नका, परीक्षा पाहू नका" म्हणत मागच्या दाराकडे सरकले. मेहुणा त्यांच्याही पुढे होता. टोपली उलटली आणि तळाचा एक कागद आकडेसिस्टरच्या पायाशी आला.

त्या दिवशीच्या बायकांची नावं. काहींपुढे 'काटा'. रकाने पट्टीने आखलेले, आणि प्रत्येक ओळीखाली एक छोटा ठिपका. 'ज्याच्याखाली ठिपका नाही ते तपासलेलं नाही,' असं अठरा वर्षांपूर्वी तिला सांगणाऱ्या बाईचं हे अक्षर होतं. शिंपीणबाईच्या नावापुढे 'काटा' होतं. खाली ठिपका होता.

तिने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. सासूबाई धाकटीच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. तो सुजला होता. सकाळपासून सुजलेला असणार, पण पांढऱ्या रुमालाच्या आशेत कुणाला दिसला नव्हता.

"उभा काय राहिलास?" त्या आपल्या मुलावर खेकसल्या. "गाडी आण."

हॉस्पिटलात पोचेपर्यंत दाब एकशे सत्तर-एकशे दहा झाला होता. घरी जाऊन पाय पसरून झोपली असती तर झोपेतच झटके आले असते, डॉक्टर म्हणाले. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. चौथ्या दिवशी मूल बाहेर काढावं लागलं. पावणेदोन किलोची मुलगी, काचेच्या ऊबदार पेटीत मुठी आवळून पडलेली. दोघी वाचल्या.

त्या गुरुवारी दुपारीच आकडेसिस्टर नोंदींच्या खोलीत गेली होती. मोठ्या सिस्टर वही आखत होत्या. तिने घडी उलगडून कागद समोर ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कागद तोच राहिला.

"माझं ऐकून घेशील?"

"सांगा."

"पाच वर्षं घसा फोडून सांगतेय मी या बायकांना. दाब वाढलाय, दाखल व्हा. घरी विचारते म्हणतात आणि जातात. त्या बाबाचा रुमाल गुलाबी झाला की त्याच दुपारी सासूसकट हजर. त्रेचाळीस जणी आल्या अशा. मोजून त्रेचाळीस. त्यातल्या काही आज जिवंत नसत्या. मी एक पैसा घेतलेला नाही."

"मला माहीत आहे. घेतला असता तर बरं झालं असतं. समजायला सोपं गेलं असतं."

मोठ्या सिस्टरनी कागदाची घडी पुन्हा घातली.

"आणि पांढऱ्या?" आकडेसिस्टरने वही उघडली. "सहा महिन्यांत एकोणसाठ जणी तपासणीला यायच्या थांबल्या. कारणाच्या रकान्यात मी लिहिलंय, 'इच्छा नाही'. मला वाटायचं, माझंच वागणं कुठेतरी चुकतंय. त्या सगळ्या पांढरा रुमाल घेऊन घरी बसल्या होत्या."

"त्या ठीकच होत्या."

"त्या दिवशी ठीक होत्या. दाब आज ठीक असतो, परवा नसतो. म्हणून तर पंधरा दिवसांनी बोलावतो ना आपण? हे मला कुणी शिकवलं?" तिचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "नाव नोंदवताना संमतीचा कागद मी वाचून दाखवते. 'तुमची माहिती हॉस्पिटलाबाहेर जाणार नाही.' तीनशे जणींना माझ्या तोंडाने सांगितलंय, सिस्टर. त्यांच्या डोळ्यांत बघून."

"तुझ्या बहिणीचं व्हायला नको होतं."

"म्हणजे दुसऱ्या कुणाच्या बहिणीचं चाललं असतं."

खिडकीबाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. मोठ्या सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "आता पुढे काय करणार आहेस?"

"नोंद. आधी माझी चूक, मग तुमची."

"तू लिहिलंस तर माझी नोकरी जाईल. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय." त्यांनी वहीवर हात ठेवला. "एक पान आहे गं फक्त."

"पान फाडायचं नाही, शाईने मिटवायचं नाही, वर कागद चिकटवायचा नाही. तुमचेच शब्द आहेत."

तिने लिहिलं. सही, तारीख, वेळ. अक्षर वेडंवाकडं आलं, कारण हात अठरा वर्षांपूर्वीसारखा थरथरत होता आणि आता तो धरायला कुणी नव्हतं.

त्याच संध्याकाळी धाकटी उशीला टेकून बसली होती. "ताई, एक विचारू? चूक तर तुझीही होती."

"होती."

"मग तुझ्यात आणि त्या रुमालात फरक काय?"

"माझी दुसऱ्या दिवशी सापडली. कारण दुसऱ्या दिवशी तपासायचीच असते."

पंधरा दिवसांनंतरच्या बुधवारी बाकावर नेहमीच्या सोडून एकतीस बायका होत्या. एकोणसाठांतल्या परत आलेल्या. बाकीच्या अठ्ठावीस जणींच्या घरी ती रोज दोन-दोन करून जाणार होती. त्यातल्या कितीजणी दार उघडतील, कुणास ठाऊक. विश्वास एकदा गेला की तो बाबावरचा गेला की हॉस्पिटलवरचा, हे लोक वेगळं करत बसत नाहीत.

"हे बघा, बायांनो," आकडेसिस्टर दंडाला पट्टा बांधता बांधता म्हणाली. "माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. मी चुकते. यंत्र चुकतं. डॉक्टरही चुकतात. म्हणून दाब दोनदा मोजायला लावा. आकडा विचारा, आपल्या कागदावर लिहून घ्या. पंधरा दिवसांनी आला तो आकडा आधीच्याशी ताडून बघा. डोकं दुखलं, चेहरा सुजला, डोळ्यांपुढे काजवे चमकले तर पंधरा दिवसही थांबू नका. आणि एकदाच निकाल सांगून 'पुन्हा बघायची गरज नाही' असं जो म्हणेल, तो बाबा असो, डॉक्टर असो की माझ्यासारखी सिस्टर असो, त्याच्यासमोरून उठून या."

पहिल्या बाकावरची शिंपीणबाई पर्समध्ये काहीतरी शोधत होती. तिने पेन काढलं.

"किती आला?"

"एकशे अठरा–शहात्तर."

शिंपीणबाईने आकडा लिहिला. लिहिलेलं एकदा वाचून पाहिलं. मग दुसरा हात पुढे केला.

"आता याच्यावर मोजा."