एक चप्पल आणि अर्धी चावी

मी एक जुनं पितळी कुलूप आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मला तुमचाही भरवसा नाही. रागावू नका. भरवसा ठेवणं माझ्या धंद्यात बसत नाही. कुलूपच भरवसा ठेवायला लागलं तर दाराला सुतळी बांधलेली काय वाईट? तेव्हा जरा लांब बसा आणि ऐका. हात लावायचं काम नाही.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, एक खोली, एक भट्टी आणि एक म्हातारा कारागीर. तो दिवसभर कानस घेऊन बसायचा आणि पितळेचा भुगा त्याच्या भुवयांवर साचायचा. माझ्या पोटातली एक पट्टी त्याच्या हातून जरा जास्तच घासली गेली. त्यामुळे चावी घातली की आधी मला अंगठ्याने वर उचलावं लागायचं, मगच ती फिरायची. नुसता जोर लावला तर अडकून बसायची. त्याचा जावई म्हणाला, "मामा, हे वितळवून टाका. गिऱ्हाईक शिव्या घालेल."

म्हातारा हसला. "असू दे रे. घरच्याला आठवड्यात सवय होते. घाम फुटेल तो परक्याला."

ते वाक्य मी पोटात ठेवलं. पुढे मी एका टेकडीखालच्या वस्तीत आलो आणि पंपघराच्या दाराला लागलो. पंपघर म्हणजे एक ठेंगणी खोली. आत विहीर, विहिरीवर पंप आणि बाजूला झाकणाची मोठी टाकी. सगळी वस्ती त्या टाकीचं पाणी प्यायची. समोरच पंपवाल्या मावशीचं घर होतं. सकाळी पंप चालू करायचा, पाणी सोडायचं, दार लावायचं, हे काम तिचं. दर आठवड्याला ती काडीच्या टोकाने माझ्यात तेलाचा थेंब सोडायची आणि म्हणायची, "घे बाबा, तुझंही तोंड ओलं कर." एवढी माया माझ्यावर पुन्हा कुणी केली नाही. अर्थात तेल चांगलं आहे ना, हे मी तेव्हाही तपासूनच घ्यायचो.

आता या वस्तीची एक गंमत सांगतो. माझी चावी मावशीच्या घराबाहेर भिंतीवर, एका खिळ्याला लटकलेली असायची. पंपघरात कुणालाही काम निघायचं. कुणाला पंपाचा पट्टा बदलायचा, कुणाला टाकी घासायची. मावशीला हाक मारायचीही गरज नसायची. चावी न्यायची आणि खिळ्याखाली आपली एक चप्पल ठेवून जायची. चावी परत लावली की चप्पल पायात घालायची. एका चपलेवर माणूस लांब जात नाही, म्हणून चावीही लांब जात नाही. आणि चप्पल तिथे आहे तोवर दुसऱ्या कुणी दाराला हात लावायचा नाही, तो चावी नेणाऱ्याचा अपमान. इतकी वर्षं असंच चाललं होतं. मला हे कधीच पटलं नव्हतं. पण कुलपाला विचारतो कोण?

मग एक दिवस टेकडीवर गाड्या चढल्या. टेकडीच्या पोटात म्हणे एक पांढरट खनिज होतं. बिनधुराच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना लागणारं. कंपनीच्या माणसांनी वर नळ्या घालून खोल भोकं पाडली आणि भोकांतून पांढरा चिखल बाहेर आला. वस्तीने होकार दिला की खाण सुरू होणार होती.

होकार मिळवायला कंपनीने एक माणूस पाठवला. तो इतकं गोड बोलायचा की पोरांनी त्याचं नाव साखऱ्या ठेवलं. आल्या दिवशीच तो मावशीच्या ओट्यावर बसून चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी बिस्किटं घेऊन आला. आठवड्याभरात मावशी त्याला भाचा म्हणायला लागली. तो बूट सोडून वस्तीतल्यासारख्या चपला घालू लागला. मित्रांनो, माणूस तुमच्यासारखं बोलायला लागला तर समजू शकतो, पण तुमच्यासारख्या चपला घालायला लागला की कुठंतरी पाणी मुरतंय असं समजा. मी दारावरून ओरडणारच होतो, पण मला तोंड आहे ते चावीपुरतं.

वस्तीत आणखी एकीला तो आवडत नव्हता. मावशीची सून. ती स्वभावाने गप्प, पण एका संध्याकाळी साखऱ्या चहा पिऊन गेल्यावर ती सासूला म्हणाली, "आई, माझ्या माहेरी पण असाच एक जण यायचा. खाण झाली आणि वर्षभरात विहिरीला कुबट वास यायला लागला. माझ्या धाकट्या भावाच्या अंगभर खाज. आम्ही तक्रार केली तर कंपनी म्हणते, तुमचं पाणी पहिल्यापासून असंच होतं. आधी कसं होतं त्याचा पुरावा दाखवा. कुठून आणणार? पाणी तर पिऊन संपलेलं."

"मग काय म्हणतेस तू?"

"होकार-नकार नंतर बघू. आधी आपलं आजचं पाणी तपासून, बाटलीत बंद करून ठेवू. इथून मी आता तिसरीकडे कुठे जाणार?"

हे ऐकून माझ्या कडीपर्यंत गार वाटलं. खरं तर तिच्यावरही माझा संशय होता, बाहेरून आलेली ना! पण त्या दिवसापासून तिच्यापुरता मी तो थोडा सैल केला. तिने ते वस्तीच्या गळी उतरवलं आणि तपासणीचा दिवस ठरला. प्रयोगशाळेतल्या बाई येऊन टाकीतलं पाणी घेणार होत्या. साखऱ्याने टाळ्या वाजवल्या. "वा वहिनी! फारच उत्तम विचार!" मला विचाराल तर तिथेच माशी शिंकली. ज्याच्या गळ्याशी फास येतो तो टाळ्या वाजवत नाही.

तपासणीच्या आदल्या दुपारी कंपनीने शाळेत सगळ्यांना चित्रपट दाखवायला बोलावलं. स्वच्छ गाड्या, निळं आकाश, हसरी मुलं. सगळी वस्ती तिकडे गेली. कर्ण्यावरून गोड आवाज येत होता, "आपण सगळे मिळून हवा स्वच्छ करू या." हवा स्वच्छ व्हावी याला माझी ना नाही हो. धुराने माझंही पितळ काळं पडतं. पण इतकं गोड बोलायला दुपारचीच वेळ का, आणि घरात एकही माणूस उरणार नाही अशी का?

उत्तर लगेच आलं. साखऱ्या एकटाच परत आला आणि पंपघराच्या मागे त्याने गाडी लावली. गल्लीच्या या टोकाला बघितलं, त्या टोकाला बघितलं. मग त्याने खिळ्यावरची चावी काढली आणि उजवी चप्पल अगदी सरळ, नीट, खिळ्याखाली ठेवली. नियम पाळून चोरी करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला! पण डोकं होतं बेट्याला. खिळा रिकामा आणि खाली चप्पल नाही, तर आरडाओरडा होतो. चप्पल असली की कुणी ढुंकून बघत नाही.

मी जितका आडमुठेपणा करता येईल तितका केला. त्याने हिसके दिले, शिवी दिली, आणि हिसके देता देता चुकून मला वर उचललं. मी उघडलो. त्याने गाडीतून दोन कॅन आणले. दारातून मला सगळं दिसत होतं. टाकीचं झाकण सरकलं आणि टेकडीवरचा तो पांढरा चिखल गुडूगुडू आत गेला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उद्याच्या बाटलीत घाण भरली की झालं. पुढे पाणी नासलं, सुनेने कितीही टाहो फोडला, तरी कंपनी तीच बाटली पुढे करणार. बघा, तुमचं पाणी पहिल्यापासून असंच होतं.

इतका राग मला कधी आला नव्हता. रोज सकाळी कळशी घेऊन येणारा एकेक चेहरा मला पाठ होता.

साखऱ्या मला परत लावायला आला. तेवढ्यात शाळेत टाळ्या वाजल्या, कार्यक्रम संपला. तो घाबरला. अंगठ्याने उचलायचं त्याला कुठलं माहीत? नुसताच जोर लावला. मी अर्धवट बसलो आणि कट्! चावी मोडली. अर्धी माझ्या पोटात, अर्धी त्याच्या हातात. तो चप्पल उचलायला वळला, पण गल्लीच्या तोंडाशी मावशी दिसली. पंपघराच्या मागून एका अनवाणी पायाने तो गाडीत शिरला आणि पसार झाला.

मावशीने रिकामा खिळा पाहिला, खालची चप्पल ओळखली आणि हसली. "भाच्याने नेलीय चावी. पंप बघायचा असेल त्याला."

सून म्हणाली, "आई, मी एकदा दार बघून येऊ?"

"चप्पल आहे ना त्याची? मग! एका चपलेवर जाऊन जाऊन जाईल कुठे?"

"त्याच्याकडे गाडी आहे, आई."

पण नियम म्हणजे नियम. दाराला कुणी हात लावला नाही. ही चूक फक्त याच वस्तीतली माणसं करू शकतात. मी मात्र ती अर्धी चावी पोटात घट्ट धरून बसलो.

सकाळी पाणी सुटलं नाही, म्हणून कळश्या घेऊन सगळी वस्ती जमली. प्रयोगशाळेतल्या बाई बाटल्यांची पेटी घेऊन आल्या. साखऱ्याही आला, पायात चकचकीत बूट. "चावी नाही? अहो मावशी, मी कालच परत खिळ्याला लावली की! एखाद्या पोराने पळवली असेल. तोडा ते भंगार कुलूप, बाईंना उशीर होतोय. मी नवं आणून देतो."

भंगार! ऐकलंत?

सुनेने शांतपणे विचारलं, "चावी तुम्ही परत लावलीत?"

"हो वहिनी, या हातांनी."

"मग चप्पल का नाही नेलीत?"

सगळ्यांच्या माना खिळ्याकडे वळल्या. चप्पल तिथेच होती, सरळ, नीट ठेवलेली. साखऱ्याच्या तोंडातली साखर एका क्षणात विरघळली. मावशी माझ्याकडे आली. सवयीने तिने मला अंगठ्याने वर उचललं, आणि तिला माझ्या तोंडात अडकलेला चावीचा तुकडा दिसला. तिने वळून आपल्या भाच्याकडे पाहिलं. मला तिचं फार वाईट वाटलं, मित्रांनो. फसवणारा सापडल्याचा आनंद कुठल्या कुठे पळाला.

वस्तीतल्या वेल्डरने करवतीने माझी कडी कापली. दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. टाकीचं झाकण निघालं, आणि आतलं दुधट पाणी पाहून बायकांनी तोंडावर हात ठेवले.

"हे पाणी नाही घ्यायचं," सून बाईंना म्हणाली. "टाकीत काल कुणीतरी काहीतरी ओतलंय. विहिरीतून घ्या, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

बाईंनी मान डोलावली. विहिरीतून बादली वर आली, पाणी नितळ होतं. तीन बाटल्या भरून मोहोरबंद झाल्या. एक प्रयोगशाळेला, एक मावशीच्या कपाटात आणि तिसरी सुनेने साखऱ्यापुढे धरली. "घ्या. आमचं पाणी पहिल्यापासून असं आहे."

साखऱ्या जाता जाता पुटपुटला, "मावशी, माझी चप्पल..."

"अर्धी चावी तुझ्याकडे आहे," मावशी म्हणाली. "ती आण आणि घेऊन जा. नियम आहे आमचा."

तो अजून आलेला नाही.

आता मी मावशीच्या कोनाड्यात पडून असतो. कडी नाही, तेल नाही, अंगावर हिरवट थर चढलाय. दाराला नवं कुलूप आहे, मुकाट्याने उघडणारं. मला ते बिलकूल आवडत नाही. टेकडी अजून तिथेच आहे आणि कंपनीही. वस्तीने सांगितलंय, दर ऋतूत पाणी आमच्यासमोर तपासा, आणि बिघडलं तर खाण त्याच दिवशी बंद करा. हे लिहून द्याल तर बोलू, नाहीतर टेकडी आमची बरी. कंपनी विचार करतेय म्हणे. करू दे. माझा तिच्यावर काडीचाही विश्वास नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही बॅटरी असेल. ती वापरा, मी अडवत नाही. पण ती कुणाच्या टेकडीतून आली आणि तिथल्या विहिरीचं काय झालं, एवढं विचारा. विचारणाऱ्याला लोक संशयी म्हणतात. म्हणू देत. ज्याच्यावर माया असते त्याचीच माणूस राखण करतो. आणि जमलंच तर जुन्या कुलपाला कधीतरी तेलाचा थेंब द्या.

कालच कंपनीचा एक नवा माणूस आला. हा तर साखऱ्याहून गोड. ओट्यावर बसला, चहा प्यायला आणि हळूच म्हणाला, "मावशी, पंपघराची चावी मिळेल का? एक चप्पल ठेवून जातो, तुमच्या पद्धतीप्रमाणे."

मावशीने कप उचलला. "पद्धत बदलली रे बाबा. आता दोन्ही चपला ठेवायच्या. आणि गाडीची चावीपण."