जास्तीचं मूल

जानेवारीतल्या रविवारी चर्चहून आल्यावर सगळे ओपल आजीच्या टेबलाशी बसले. घेवडा आणि मक्याचा पाव संपला, ताटल्या उचलल्या गेल्या, आणि आजीनं दरवर्षीप्रमाणे नातवंडं वाटायला घेतली.

हो, वाटायला! केंटकीच्या त्या डोंगरात याला कुणी चोरी म्हणत नसे. राबणाऱ्या आईबापांना सरकार लेकरांमागे करात सूट देतं, वर पैसेही हातावर ठेवतं. पण आजीच्या लेकीच्या, वेर्नाच्या, तुटपुंज्या पगारावर तीन लेकरांपुढे त्यात काही भर पडत नाही. वेर्नाला चार. म्हणजे धाकटी, सात वर्षांची कॅली, जास्तीची.

"कॅली यंदाही ड्वाइटच्या कराच्या कागदावर," आजी लेकीला म्हणाली. "तुझ्याकडे ती फुकटच जाते गं."

ड्वाइट वेर्नाचा थोरला भाऊ, लाकडाच्या गिरणीत कामाला, ना बायको ना पोर. भाची आपल्याच घरी राहते असं त्यानं लिहायचं, पैसे उचलायचे, चतकोर बहिणीला द्यायचा. वेर्ना वृद्धाश्रमाच्या धुलाईत दहा-दहा तास कपडे उपसायची. त्या चतकोरात हिवाळ्याचं जळण निघायचं. तिनं मान डोलावली.

यंदा मात्र ड्वाइटला सरकारचं पत्र आलं. मुलगी वर्षातले सहा महिने खरंच तुमच्याकडे असते का? शाळेचा दाखला पाठवा. झालं! शाळेत कॅलीचा पत्ता बदलायचं ठरलं. वेर्नानं मुकाट्यानं सही केली, आणि आजीनं पोरीला पढवायला घेतलं.

"कुणी विचारलं तर काय सांगायचं, राणी?"

"रिज रोड, दोनशे चौदा."

"झोपतेस कुठे?"

"मामाकडे."

"शाब्बास!" आणि हातावर पेपरमिंटची गोळी.

लिहितानासुद्धा शिसारी येते. ज्या तोंडांनी जेवणाआधी देवाचे आभार मानले, तीच तोंडं लेकराला पहिलं खोटं घोकवत होती. आणि आई शेजारी बसून ताटल्या पुसत होती.

फेब्रुवारीत एका दुपारी बर्फ पडायला लागलं म्हणून शाळा लवकर सोडली. बसवर बदली ड्रायव्हर होता; नेहमीचा तिला आईच्या दारात सोडायचा. मोठी तिघं भावंडं दुसऱ्या शाळेत. "कुठे सोडू गं तुला?" त्यानं विचारलं. कॅलीनं खडाखडा पत्ता म्हटला. यादीतही तोच होता. त्यानं तिला रिज रोडला उतरवलं.

घराला कुलूप. मामा गिरणीत. हाकेच्या अंतरावर दुसरं घर नाही. हाच आपला पत्ता म्हणून पोर पायरीवर बसून राहिली. एक हातमोजा कुठेतरी पडला होता. साडेतीन तासांनी ड्वाइटला ती सापडली.

दवाखान्यात वेर्ना आणि आजी धावत आल्या. डॉक्टर म्हणाले, उजव्या हाताच्या गोठलेल्या दोन बोटांची टोकं बहुधा जातील. नर्सनं कागद पुढे ओढला.

"बाळ, राहतेस कुठे?"

कॅलीनं आजीकडे बघितलं. "आजी, आता कुठलं सांगू? खरं की शाळेतलं?"

ओपल खाली वाकून कुजबुजली, "रिज रोडच सांग. ड्वाइटच्या खिशातल्या पत्राचं उत्तर अजून गेलं नाहीये."

वेर्नाला आईची किळस आली, भावाची आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

"आई, तोंड मिट."

"अगं, दादाला तुरुंगात घालशील! सहीसुद्धा तुझीच आहे."

"आहे ना. म्हणून तर मीच सांगणार." ती नर्सकडे वळली. "लिहा, क्रीक लेन, नऊ. जन्मल्यापासून माझ्याजवळ आहे. दादा, ते पत्र काढ खिशातून."

ड्वाइटनं पत्र काढून दिलं. त्या पत्राच्याच मागच्या बाजूला वेर्नानं उभ्या उभ्या सगळं लिहिलं, आपल्या सहीसकट. जळणाचं काय, हे तिला त्या घटकेला ठाऊक नव्हतं. मग ती खाटेशी बसली.

"राणी, तूच सांग बघू. कुठे राहतेस?"

"क्रीक लेन, नऊ. तुझ्याजवळ."

एवढं बोलून कॅलीनं सवयीनं, पट्ट्या बांधलेला तो हात गोळीसाठी पुढे केला.