आठानं भाग

मायाचा नवरा गोपाल जाऊन दोन वर्षं झाली, आणि तिच्याजवळ त्याचा आवाज नव्हता. फोटो होते, तेही दोन-चारच. लोकांच्या लग्नांचं शूटिंग करणारा माणूस स्वतः फोटोत येणार तरी कसा? तेल्हाऱ्यापासून अंजनगावपर्यंत किती नवऱ्या मुली त्यानं कॅमेऱ्यात धरल्या, पण त्यातल्या एकाही लग्नात तो स्वतः कुठं दिसत नाही. फोन वापरला तोही बटनांचा. असा कसा हो माणूस! मायाला कधीकधी त्याचा रागच यायचा.

तिला तो एकदा ऐकायचा होता. बस, एकदाच.

मग लोखंडी कपाटात त्याच्या एडिटिंगच्या कॉम्प्युटरची जुनी हार्ड डिस्क सापडली. ती बाहेरून जोडायचा काळा डबाही सोबत होता. अकोल्यातल्या दोन दुकानदारांनी लांबूनच हात जोडले. कोणीतरी अमरावतीच्या स्वप्निलचं नाव सांगितलं, जुन्या मशिनी तोच उघडतो म्हणे. मायानं डिस्क गोपालच्या मफलरमध्ये गुंडाळली आणि सकाळची एसटी धरली.

स्वप्निलनं आपली नवी वायर लावून पाहिली, पुन्हा काढून लावली.

"दिसूनच नाई राहिली वो काकू."

शेवटी त्यानं गोपालचाच डबा जोडला. डिस्क कुरकुरली, घरघरली आणि पडद्यावर फायली उमटल्या. मायाचे डोळे भरून आले.

"लय थकली हे डिस्क," स्वप्निल म्हणाला. "गरम झाली का बसन, मंग पुन्हा उठाचा भरोसा नाई. तयार फिल्मा लहान हायेत, आधी त्याच घेऊन टाकू."

"त्या नाई पायजे मले. त्यात वरातीपासून विदाईपर्यंत नुसते गाणेच टाकले हायेत. मले कच्चा माल पायजे."

न कापलेल्या शूटिंगला गोपाल कच्चा माल म्हणायचा. त्यात सगळं असायचं, कॅमेऱ्यामागून त्यानं दिलेल्या हाकासुद्धा. तयार फिल्म बनवताना तो पहिल्यांदा आपलाच आवाज पुसायचा.

"पण कच्चा माल लय मोठा हाय ना काकू."

मायानं त्यातली सगळ्यात लहान फाइल शोधली. तेल्हाऱ्याचं लग्न, हजारेक मेगाबाइट. डब्यावर वेगाचा आकडा होता बारा. तिनं मनात हिशेब मांडला आणि खुशीत म्हणाली, "हजाराले बारानं भागलं तं दीड मिनिटबी नाई लागत! घ्या बरं."

स्वप्निलनं कॉपी सुरू केली. हिरवी पट्टी जागची हलली, न हलली. दीड मिनिट होऊन गेलं तरी पट्टी कोपऱ्यातच.

"कावून थांबली?"

"थांबली नाई काकू. डब्यावरचा आकडा बिटचा हाय, फाइलचा बाइटचा. आठ बिट मिळून एक बाइट."

मायानं कपाळावर हात मारला. अरे देवा! हेच तर तो जन्मभर सांगत आला. घरी कॉपी लावली की ती डब्यावरचा आकडा पाहून कुकर चढवायची. वरण निवून जायचं तरी गोपाल मशीनसमोरच. मग हसत सुटायचा. "आठानं भाग व माया, आठानं! तू आण्यायले रुपये समजून राहिली." ती म्हणायची, मले काय करा लागते तुमचं बिट अन् बाइट, तुमी हायेत ना सांगाले.

आता तिनं आठानं भागलं. बाराचे दीडच उरले. म्हणजे दहा-बारा मिनिटं, तीही डिस्क धड असती तर. आणि फाइल सुरुवातीपासून येत होती. सुरुवातीला काय असतं कच्च्या मालात? रिकाम्या खुर्च्या, मंडपाचं तोरण, भाताचे गंज. गोपाल बोलायचा तो पुढं, लोक जमल्यावर.

"थांबवू का काकू?"

"नोको! चालू राहू द्या." तिनं डब्यावर हात ठेवला. डबा तापत होता. ती पुटपुटली, "जरासं अजून चाल रे बापा."

पट्टी अर्ध्यावरही गेली नव्हती तेव्हा डिस्कनं टक-टक आवाज केला आणि ती बसली. स्वप्निलनं वायर हलवून पाहिली, टेबलपंख्यासमोर डिस्क धरली, बराच वेळ थांबून पुन्हा लावली. काही नाही.

"गेली काकू," तो हळूच म्हणाला. "आलं तेवढं ठेवलं मी. लावू?"

मायानं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

पडद्यावर रिकाम्या खुर्च्या आल्या. तोरण आलं. बँडवाला पिपाणी फुंकून पाहत होता. भाताचे गंज, चुलाण्याचा धूर, आचाऱ्याची पाठ. बोलायला कोणी नाही. चित्र अडखळायला लागलं, चौकोन चौकोन होऊन फुटायला लागलं. मायानं पिशवी उचलली. एवढ्यात मंडपाच्या दारात नवरीची आजी आली, चेहरा अंधारात, आणि अगदी जवळून, जसा काही टेबलाच्या पलीकडूनच, आवाज आला.

"माया, लाइट वर घे व जरा."

पडदा काळा झाला.

त्या काळी कॅमेऱ्यामागं तो उभा असायचा आणि लाइट धरून त्याच्या बाजूला ती. किती लग्नांत, किती मंडपांत. मायाच्या हातातली पिशवी खाली पडली. तिचा उजवा हात आपोआप डोक्याच्या वर गेला होता, मूठ वळलेली.

"काकू, पुन्हा लावू का?" स्वप्निलनं विचारलं.

"लावा," ती म्हणाली. हात तिनं खाली घेतला नव्हता.