दाराआडचा कोपरा

मी एक जुनी जमीन आहे. शेतातली नव्हे हं, मित्रांनो, घरातली. तुम्ही जिच्यावर पाय आपटता, पाणी सांडता आणि आई ओरडली की "मी नाही सांडलं" म्हणून साळसूद चेहरा करता, ती. माझं वय मात्र विचारू नका. लोखंड कोणी पाहिलेलं नव्हतं, पैसा कशाशी खातात हे कोणाला ठाऊक नव्हतं, तेव्हाची मी. त्या मानाने तब्येत ठणठणीत आहे.

माझा जन्म नदीकाठच्या पिवळसर चिकणमातीतून झाला. एका बाईने ती माती टोपल्यांनी वाहून आणली, खडे वेचून काढले, पाणी घालून पायांनी तुडवली आणि झोपडीत हातांनी थापून थापून मला सपाट केलं. मधोमध चूल आली, भिंतीशी बोरूची चटई आली आणि मी घराची जमीन झाले. त्या बाईला मी मालकीणबाई म्हणते. तिच्या हातांसारखे हात मी पुन्हा पाहिले नाहीत.

मालकीणबाईला स्वच्छतेचं भारी वेड. सकाळ झाली की गवताची जुडी घेऊन तिची झाडलोट सुरू. माशांचे काटे, भाजलेल्या बियांची टरफलं, चुलीतली राख, सगळं दाराबाहेर. तिचा नवरा दगडाची पाती घडवायचा, आणि तेही घरात बसून. कपच्या टणाटण उडायच्या.

"अहो, बाहेर बसा की जरा! पोरीच्या पायात जाईल," ती म्हणायची.

"बाहेर वारा आहे."

"मग वाऱ्याकडूनच झाडून घेते तुम्हाला!"

असा तो संसार होता. कपच्या बाहेर जायच्या, हसणं आत राहायचं. पण एक गोष्ट मालकीणबाईला कधी कळली नाही. झाडताना मोठं सगळं बाहेर जायचं, आणि बारीकसारीक मात्र पायांखाली दबून माझ्या पोटात राहायचं. राखेचा कण, माशाचा खवला, चटईच्या काडीचा चुरा. मी झिजले, कळकट झाले की ती पातळ मातीचा नवा हात माझ्यावरून फिरवायची आणि मी पुन्हा नवी नवरी. असे माझ्या अंगावर पापुद्र्यावर पापुद्रे चढत गेले. ती झाडत राहिली आणि मी साठवत राहिले.

तिची एक लेक होती. एवढीशी होती म्हणून सगळे तिला पिटुकली म्हणायचे. एका थंडीत एक शेळी व्याली आणि मेली. मागे राहिलं एक करडू, इतकं मरतुकडं की पाय टेकवले की पायच दुमडायचे. पिटुकलीने ते छातीशी धरून घरात आणलं आणि भोकाड पसरलं. ते बाहेर राहिलं तर मरणार, हे त्या पोरीलाही समजत होतं.

पण शेजारच्या झोपडीत सासूबाई होत्या. वस्तीत त्यांचा शब्द म्हणजे शब्द. आणि त्यांचा पहिला शब्द होता, "जनावर घरात नाही!"

मालकीणबाईने लेकीकडे पाहिलं, करडाकडे पाहिलं आणि दाराआडच्या कोपऱ्यात गवत अंथरलं. "आजचा दिवस फक्त," ती म्हणाली. तो आजचा दिवस पुढे संपेचना, हे तुम्हाला सांगायला नकोच.

सासूबाई यायच्या आधी बाहेरून खोकायच्या. तो खोकला ऐकला की घरात एकच धांदल. पिटुकली करडाला पांघरुणात घेऊन पोट दुखत असल्यासारखी गुडघे मुडपून बसायची. करडाने आतून "बेंऽऽ" केलं की तीही लगेच "बेंऽऽ" करून कण्हायची. आणि मालकीणबाई? कोपऱ्यातल्या लेंड्या झाडायला वेळ कुठला! ओल्या मातीचा गोळा घ्यायचा, लेंड्यांवरूनच सपासप हात फिरवायचा, की कोपरा लख्ख. आयुष्यात तिने केर झाडायच्या ऐवजी झाकला असेल तो तेवढाच.

सासूबाई त्या कोपऱ्याकडे निरखून बघायच्या. "सूनबाई, हा कोपरा नेहमी ओला कसा गं?"

"उंदीर उकरतो, सासूबाई. बुजवते आपली."

"मोठा दिसतो उंदीर."

"हो ना. मेला खूप त्रास देतो."

हसून हसून मला तडे जायची वेळ यायची, पण मी कधी चुगली केली नाही. त्या करडाचं पुढे काय झालं, ते सांगते. जरा धीर धरा.

पुढे पिटुकलीलाही लेकी झाल्या, त्यांनीही मला लिंपलं. मग नदीने पात्र बदललं आणि माणसं तिच्यामागे निघून गेली. छप्पर कोसळलं, भिंती ओघळल्या, पुराने चूल धुऊन नेली, वर गाळ आला आणि मी गाडली गेले. वर झाडं उगवली आणि मेली. माझ्यावर कोणी पाय आपटेना. ते दिवस मला आठवावेसे वाटत नाहीत. घराच्या जमिनीला पावलांची सवय असते, मित्रांनो.

मग एके दिवशी कुदळीचा आवाज आला. पाठोपाठ थापी आली, मऊ ब्रश आले, आणि चक्क ऊन आलं! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! माझ्यावर एक दाढीवाला धिप्पाड माणूस वाकून उभा होता. खणणारी मंडळी त्याला साहेब म्हणत होती. जुनी मडकी आणि दगडी पाती म्हणजे साहेबांचा जीव की प्राण. पण माझ्यावर ना मडकं, ना पातं. सगळं मालकीणबाईने झाडून नेलेलं!

साहेबांचा चेहरा उतरला. "कोरी जमीन आहे ही. घर बांधलं असेल, पण इथे कोणी राहिलंच नाही," ते म्हणाले. "उद्या हिला उकरून ढिगाऱ्यावर टाका. खालचा थर बघू."

कोरी! मी! जिच्या पोटात आख्खा संसार आहे ती कोरी! मला ओरडावंसं वाटलं, पण जमिनीला तोंड असतं का? मी एकदा ढिगाऱ्यावर गेले की मालकीणबाई गेली, पिटुकली गेली, करडूही गेलं. या जगात ती होती हे सांगायला माझ्याशिवाय दुसरं कोणीच उरलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फावडी आली आणि फावड्यांबरोबर आली ताई. ताई म्हणजे साहेबांची थोरली बहीण. तीही याच विषयातली, पण तिचं काम माती वाचायचं. प्रयोगशाळेत बसून ती मातीचा कण अन् कण तपासते.

"बाळ्या, मला न सांगता जमीन काढतोयस होय?" ती खड्ड्यात उतरत म्हणाली. एवढ्या दाढीवाल्या साहेबांना बाळ्या म्हटलेलं ऐकून फावडीवाले गालातल्या गालात हसले.

"ताई, काही नाही गं तिच्यात. स्वच्छ आहे."

"स्वच्छ आहे?" ताईने कमरेवर हात ठेवले. "का स्वच्छ आहे?"

"का म्हणजे? कोणी राहिलं नाही म्हणून."

"अरे, वहिनीने झाडल्यावर तुझं घर कसं दिसतं? तिथे कोणी राहत नाही का? न राहिलेलं घर धुळीने भरतं, राजा. स्वच्छ आहे म्हणजे कोणीतरी झाडलंय!"

साहेबांनी फावडीवाल्यांना हातानेच थांबवलं. मला तर ताईच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

"खांबांच्या खळग्यांवरून दार इथे दिसतंय," ताई गुडघ्यांवर बसत म्हणाली. "मग दाराआडचा कोपरा हा. माझ्या घरी झाडू दाराआड कधी नीट पोचत नाही. इथलाच तुकडा मला दे. मी वाचेपर्यंत हिला हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल," साहेब म्हणाले. थोरल्या बहिणीपुढे दुसरं काय म्हणणार?

त्यांनी मला ताडपत्रीने झाकलं. ताईने सुरीने माझा विटेएवढा तुकडा कापला, वरची बाजू कोणती याची खूण केली आणि कागदात गुंडाळून तान्ह्या बाळासारखा नेला. प्रयोगशाळेत त्याला वाळवलं, चिकट रसायन पाजून दगडासारखं घट्ट केलं, मग करवतीने चकती काढून घासत घासत इतकी पातळ केली की आरपार उजेड दिसायला लागला. दुखलं का? छे! माझ्याकडे इतकं निरखून कोणी पाहिलंच नव्हतं. मी लाजलेच जरा.

ताईने ती काचेवरची चकती मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि लगेच भावाला बोलावून घेतलं. "हे फिकट पट्टे दिसतात का? लिंपणाचे हात आहेत ते. एकावर एक किती, बघ! आणि मधे राख, माशाचे खवले, चटईचा चुरा. भरलेलं घर होतं रे हे."

साहेब वाकून बघत होते. "आणि हे काळपट काय?"

"लेंड्या! शेळीच्या जातीचं काहीतरी आहे. नुसत्या एका कोपऱ्यात, म्हणजे गोठा नाही. घरातच ठेवलं होतं, आणि दर वेळी वरून घाईघाईने मातीचा हात दिलाय. बोटांचे खळगेसुद्धा आहेत. खालच्या थरांतल्या लेंड्यांत गवताचा कण नाही. दूधपितं पिल्लू असणार. आई नसेल त्याला."

साहेबांनी मान वर केली. मडक्यांसाठी हळहळणारा तो एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा विचारू लागला, "मग? जगलं का गं ते?"

ताईने काच हळूच सरकवली. एक थर वर, आणखी एक थर वर. मग ती एकदम टाळी वाजवून ओरडली, "गवत! बाळ्या, वरच्या थरांतल्या लेंड्या गवताने भरल्यात! खायला लागलं ते. जगलं रे, जगलं!"

साहेबांनी खणणाऱ्या मंडळींना तिथूनच फोन केला. "करडू जगलं!" एवढंच ते बोलले, आणि पलीकडे खड्ड्यात जो जल्लोष उसळला, तो मी ताडपत्रीखालून ऐकला. ढिगाऱ्यावर जायचं माझं तर कायमचंच टळलं. आता माझ्यावर छान छप्पर आहे, आणि शाळेतली मुलं मला बघायला येतात.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला एकच विनवणी. पायाखाली काही दिसलं नाही म्हणून तिथे काही नाही, असं घाईने म्हणू नका. जुनी जागा दिसली तर तिच्यात उगाच काठी खुपसू नका, माती उधळू नका. तिथे कोणीतरी कोणासाठी तरी जागा केलेली असते.

आणि जाता जाता एक गुपित. ते गवत आणलं कोणी, हे ताईच्या काचेत दिसत नाही. ते मलाच ठाऊक आहे. एका सकाळी सासूबाई न खोकता आत आल्या. कोवळ्या गवताचा भारा त्यांनी दाराआडच्या कोपऱ्यात टाकला आणि सुनेकडे न बघताच म्हणाल्या, "घे गं, तुझ्या उंदराला."